आठव्या सकाळची रिकामी साखळी

आज सकाळी आपल्या ग्रुपवर एकीने विचारलं, "कुत्र्याच्या नवीन पिल्लाचा दात नुसता लागलाय, इंजेक्शन कशाला?" वाचून मला आमचं जुनं पिल्लू आठवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नवीन पनवेलला राहायचो. विचुंब्याच्या वीटभट्टीवरून आणलेलं पिल्लू माझ्या मुलीला चावलं. सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "पिल्लावर दहा दिवस नजर ठेवा. मेलं तर रेबीजची शंका, लगेच सांगा."

रोज उठल्यावर मी आधी त्याच्या साखळीचा आवाज ऐकायचे, मगच चहा.

आठव्या सकाळी आवाजच नाही. साखळी रिकामी! शेजारच्या काकूंनी "पोरीला चावलं, नकोच ते" म्हणत परस्पर भट्टीवर सोडलं होतं. आता ते जगलं की मेलं, कळणार कसं?

अनवाणीच धावले. भट्टीवरची बाई म्हणाली, "हाय ना, ते बगा, राखंत झोपलंय."

हाक मारली. शेपटी हलली, तसं त्याला उचलून उरलेल्या दिवसांसाठी घरी आणलं.

ताई, आधी जखम साबणाने धुवा आणि आत्ताच दवाखाना गाठा.

आणि बाकीच्यांनो, पिल्लू आणण्याआधी लस कुठे मिळते ते विचारलं होतंत? मी नव्हतं विचारलं.