खाऱ्या टपातलं पाणी

मासे खारवायचा टप न धुताच मी त्यात भटक्या कुत्र्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. परवा बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि मुरबे या कोळ्यांच्या गावातली ती रणरणती दुपार आठवली. मी घाटावरचा, तिथं भाड्यानं राहणारा. टपाच्या तळाचं पांढरं मला बोअरच्या पाण्याचे डाग वाटले. वासावर एक म्हातारी कुत्री आली. ती पुन्हा पुन्हा पीत होती आणि मी खूश, की पाणी आवडलं हिला. आता कळतं, तिची तहान वाढत होती. शेवटी ती होडीच्या सावलीत कोसळली. ओंजळीत गोडं पाणी नेलं, पण तिची जीभ हललीच नाही. घरमालकीणबाईंनी टपात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी कुत्रीला पानी पाजलं, का सुकवायला खारवली?"