न खोलता लिहिलेला अहवाल

नळदुर्गात शांतम्माचा राग ठाऊक नसलेला माणूस म्हणजे आत्ताच हैदराबादच्या गाडीतून उतरलेला परकाच असणार. हायवेच्या कडेला तिचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव वीरप्पाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तो जाऊन नऊ वर्षं झाली, पण पाटी तीच. दुकानात विहिरीच्या मोटारी, कूलरचे पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटारी असं सगळं जमिनीवर मांडलेलं असतं, आणि मधोमध पोत्यावर बसून शांतम्मा तांब्याच्या तारेचे वेढे भरत असते. कपाळावर विभूती, हाताला वार्निशचा वास.

वेढे ती लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून भरते. वीरप्पाचं मोजण्यात लक्ष लागायचं नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की आकडा विसरायचा. शांतम्मा माहेराहून आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती, म्हणून ती कुणाशी बोलायची नाही. पडद्याआड बसून कानडीत आकडे पुटपुटत वेढे भरायची, आणि बाहेर लोक म्हणायचे, वीरप्पाच्या हाताला तोड नाही. ते तिनं पंचवीस वर्षं ऐकून घेतलं. पण वीरप्पा गेल्यावर तेच लोक "बाईच्या हातची मोटार नको" म्हणत दुसरीकडं गेले, तेव्हा मात्र तिचं डोकं जे तापलं ते पुन्हा पूर्ण निवलं नाही. सहा महिन्यांत बहुतेक सगळे परत आले. प्रत्येकाला तिनं मोटार घ्यायच्या आधी उभं करून ऐकवलं.

अशा बाईच्या घरात यंदाच्या एप्रिलमध्ये तो कागद आला.

तिची धाकटी लेक शिवलीला गावातल्याच एका शाळेत कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायची. त्या दिवशी दुपारी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि ताट पुढं ओढून तशीच बसून राहिली.

"काय झालं गं? भाकर निवायली."

"काय न्हाय अव्वा."

शांतम्मानं पर्स काढली. घडी घातलेला कागद वरच होता. 'आपल्या हयगयीमुळे संगणक कक्षातील यंत्रे वारंवार बंद पडत असून विद्यार्थिनींचे नुकसान झाले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का.

"हयगय? तुझी?" शांतम्मानं कागद पुन्हा वाचला. "त्या मशिना पुसून ठिवतीस, वर फडकं घालतीस, रविवारी जाऊन बघतीस. कसली हयगय केलीस तू?"

मग शिवलीलेनं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर बारा. उन्हाळा लागल्यापासून अर्धा-पाऊण तास चालायचे आणि आपोआप बंद पडायचे. सीपीयूच्या डब्याला हात लावला तर तव्यासारखा. नववीची परीक्षा सुरू असताना एकदम सात बंद पडले, पोरींचं काम पुसलं गेलं, दोघी रडल्या. आता आठ दिवसांनी ती परीक्षा पुन्हा होती. शाळेनं ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतले होते त्यांचा इंजिनिअर मधल्या काळात येऊन गेला होता. त्यानं लिहून दिलं, यंत्रांत दोष नाही, वापरणाऱ्याची हयगय.

"खोलून काय सापडलं त्याला?"

"खोललंच न्हाय. वरून हात लावला, सरांच्या केबिनमधे चहा घेतला आणि लिहिलं."

शांतम्मा उभीच राहिली. "न खोलता लिहिलं?"

तिच्या लेखी यापुढं बोलायला काही उरलंच नव्हतं. पस्तीस वर्षांत तिनं एकही मोटार न खोलता बरीवाईट ठरवली नव्हती. गिऱ्हाईक घाई करायचं, मोटार जळाली का तेवढं सांगा म्हणायचं. ती चार नट काढून आत बघितल्याशिवाय तोंड उघडायची नाही. आणि इथं एका शिकलेल्या माणसानं चहा पिऊन तिच्या लेकीच्या अंगावर ठपका लिहून दिला होता, आणि दुसऱ्या शिकलेल्या माणसानं त्याच्यावर शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती शाळेत हजर. मुख्याध्यापक रणधीर सर खुर्चीतून अर्धे उठले.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? हा ऑफिसचा विषय आहे."

"माझ्या लेकीचं नाव हाय कागदावर. म्या त्या मशिना खोलून बघणार."

"अहो, ही विहिरीची मोटार नाही. नाजूक काम असतं हे."

"नाजूक हाय म्हणून तर खोलून बघायला पाहिजे हुतं तुमच्या इंजिनिअरनं."

सरांनी चष्मा पुसला. वॉरंटी संपून दोन महिने झाले होते, परीक्षा तोंडावर होती, आणि कंपनीवाले फोन उचलत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "काही बिघडलं तर शाळा जबाबदार नाही. तसं लिहून द्या."

शांतम्मानं लिहून दिलं. सही करताना स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही पूर्ण लिहिली. "बघा," ती म्हणाली, "म्या करायच्या आधी सही केली. तुमच्या माणसानं काय न करता केली."

कॉम्प्युटरच्या खोलीत शिपाई हणमंतप्पानं एक डबा बाहेर ओढून दिला. शिवलीलेनं बाजूचा पत्रा काढला. आत धुळीचे गोळे, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. मागच्या बाजूला तळहाताएवढा एकच पंखा, तोही धुळीनं जड झालेला. पुढच्या बाजूला जाळी होती, स्क्रूची चार भोकं होती, पण पंखाच नव्हता.

"इथं पंखा यायला पाहिजे ना?" शांतम्मानं विचारलं.

"जागा केलेली असते अव्वा. स्वस्तातल्या डब्यात देत न्हाईत."

"जागा केली आणि पंखा न्हाय दिला. आणि हयगय तुझी." तिनं दुकानातून आणलेला ब्लोअर लावला. धुळीचा असा लोट उठला की हणमंतप्पा खोकत व्हरांड्यात पळाला.

शिवलीला त्याच दिवशी सोलापूरला जाऊन नमुन्याला दोन पंखे घेऊन आली. शांतम्मानं एक हातात घेतला. काळी चौकट, सात पाती, बारा व्होल्टचा. "ह्यो? ह्येनं माशी तरी उडंल का?" पण बॅटरीला लावून तिनं त्याच्यासमोर वाइंडिंगचा सुती धागा धरला, तर धागा सरळ ताठ झाला. पंख्याच्या ज्या अंगाला कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली आणि आडव्या पट्ट्या, तिकडून वारा बाहेर पडत होता. पुढचा पंखा बाहेरचं गार आत ओढणार, मागचा आतलं गरम बाहेर टाकणार. तिनं चिठ्ठीचं अंग आत करून पंखा बसवला, चारी स्क्रू हातानंच आवळले. शिवलीलेनं त्याची पिन जोडली. डबा बंद करून टेबलाखालच्या खणात जिथल्या तिथं सरकवला आणि चालू केला.

चाळीस मिनिटांनी तो बंद पडला.

नेमके रणधीर सर दारात उभे होते. "सांगितलं होतं मी," एवढंच म्हणाले आणि गेले.

शांतम्माची कानशिलं गरम झाली. सरांवर राग होताच, आता स्वतःवरही आला. रागाच्या भरात तिनं डबा बाहेर ओढायला टेबलाखाली हात घातला आणि तसाच झटकन मागं घेतला. खणात वार्निश वाळवायच्या पेटीसारखी धग होती.

ती खाली वाकून बघायला लागली. टेबलं नवीन होती. प्रत्येक टेबलाखाली डब्यापुरता लाकडी खण. दोन्ही बाजूंनी फळ्या, मागं फळी, पुढं कुलपाचं दार आणि त्याला बोटभर फट. शिवाय टेबलांची सगळी रांग भिंतीला घट्ट चिकटवलेली. मागचा पंखा बिचारा गरम हवा बाहेर फेकत होता, ती फळीला थडकून पुढं येत होती आणि पुढचा पंखा तीच पुन्हा आत ओढत होता.

"अगं ए लीला!" ती ओरडलीच. "नऊ वर्षं झाली, कूलर न्यायला येणाऱ्या दर माणसाला सांगतीय, समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसतं उकडंल. आणि माझ्याच डोळ्याला दिसलं न्हाय!"

तरी तिनं खात्री करून घेतली. पंखा बसवलेला डबा टेबलावर उघड्यावर ठेवला, शेजारी पंखा न बसवलेला दुसरा ठेवला, दोन्ही एकदम चालू केले. बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा नसलेला दोन तासांनी बंद पडला. पंख्याचा चारपर्यंत चालला, शाळेचं कुलूप लागेपर्यंत. म्हणजे पंखाही लागत होता आणि वाऱ्याला वाटही.

हे सांगायला ती केबिनमध्ये गेली तेव्हा रणधीर सरांनी आधी दार लावून घेतलं.

"मावशी, पंखे बसवा. पण फर्निचरला हात लावू नका. ते संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्यांनी केलंय."

"मग?"

"मग म्हणजे... मागच्या वर्षी उद्घाटन झालंय त्याचं."

"म्हंजे तुमाला ठाऊक हुतं?"

"वारा लागत नाही असं मला वाटलं होतं एकदा," सर हळू म्हणाले. "पण बोलणार कुणाला?"

इंजिनिअरला कळलं नव्हतं, निदान त्यानं बघितलं नव्हतं. ह्या माणसाला कळलं होतं. कळूनसवरून त्यानं कंत्राटावरच्या पोरीला कागद दिला होता, कारण ती उलटून बोलणार नव्हती आणि तिचा कुणी मेहुणा नव्हता.

"सर, तुमी गुरुजी हाव," ती म्हणाली. "पोरींना खरं बोला म्हणून शिकवता ना? लाज कशी वाटत न्हाय?"

सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "रविवारी मी गावात नाही. किल्ली शिवलीला मॅडमकडं असते. मला काही माहीत नाही."

रविवारी सकाळी हणमंतप्पानं टेबलं भिंतीपासून हातभर पुढं ओढली. शांतम्मानं ड्रिलला गोल भोकं पाडायचं पातं लावलं आणि बाराही खणांच्या मागच्या फळ्यांना आणि पुढच्या दारांना चार-चार भोकं पाडली. भुशानं तिचं लुगडं पांढरं झालं. शिवलीला सोलापूरहून आणलेले बाकीचे पंखे एकेका डब्यात बसवत होती, चिठ्ठीचं अंग आत, प्रत्येक वेळी आईला दाखवून. हणमंतप्पा दारात उभा राहून म्हणाला, "अव्वा, अध्यक्ष बघतील की."

"बघू दे. वारा कुठून जातुया ते तरी कळंल त्यास्नी."

परीक्षेच्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. दोन तास, दोन तुकड्या. शांतम्मा दुकान बंद करून शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. शेवटची पोरगी बाहेर आली तशी ती उठून थेट केबिनमध्ये गेली.

"आता कागद रद्द करा."

"मावशी, विषय संपलाय. कुणी काही बोलणार नाही आता."

"विषय संपलाय तर कागद फाइलीत कशापायी ठिवलाय?"

सर गोड हसले. एक मे रोजी शाळेत कार्यक्रम होता, त्यात शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार करायचा विचार होता म्हणाले.

"शाल आमच्या घरी हाय. म्या हितनं हलणार न्हाय."

ती खरंच हलली नाही. सरांनी पहिल्यांदा लिहिलं, 'सदर बाब निकाली काढण्यात येत आहे.' शांतम्मानं वाचून परत केलं. दुसऱ्यांदा लिहिलं, 'समाधानकारक खुलासा प्राप्त झाला.' "खुलासा कुठं दिला तिनं? गुन्हाच न्हाय तर खुलासा कसला?" तेही परत. शिपायानं दोनदा पाणी आणलं. शाळा सुटली. तिसऱ्यांदा सरांनी कागद ओढला आणि घाम पुसत लिहिलं, 'यंत्रे बंद पडण्यात श्रीमती शिवलीला यांची कोणतीही चूक नव्हती.' चूक कुणाची होती, ते मात्र त्यांनी लिहिलं नाही. ते लिहायला तिनं लाख सांगितलं तरी लेखणी हलली नाही.

तो कागद घेऊन ती घरी आली. शिवलीलेनं तो दोनदा वाचला आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिवलीलेचं कंत्राट पुढं चालवलं नाही. कारण विचारलं तर पद मंजूर नाही. पंधरा दिवसांनी त्याच जागी दुसरे सर आले. अध्यक्षांनी फळ्यांची भोकं बघितली होती, हे हणमंतप्पानंच येऊन सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यानं चाचरत सांगितली. शाळेच्या वार्षिक अहवालात छापून आलं होतं, की उन्हाळ्याचा विचार करून संस्थेनं संगणक कक्षात वातानुकूलनाची विशेष व्यवस्था केली.

शांतम्माच्या हातातली तार तुटली. असं तिच्या हातून कधी होत नाही.

"बारा पंखे म्या आणि माझ्या लेकीनं बसवले! संस्थेनं एक स्क्रू तरी आवळला का?"

"न्हाय अव्वा. म्या सांगतो की कुणीबी विचारलं तर."

शिवलीला आता उमरग्याला एका क्लासमध्ये शिकवते. तिथं तिचं बरं चाललंय, पोरं ऐकतात, मालक भला आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. शांतम्मा आधी जेवलीस का विचारते आणि मग शाळेवर येते. दुकानात मोटार घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला तिनं ही गोष्ट सांगितली आहे, आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांना, हायवेवर ट्रक थांबवून पंखा दुरुस्त करून घेणाऱ्या तेलंगणाच्या ड्रायव्हरलासुद्धा, त्याला मोडक्या हिंदीत.

"अव्वा, सोड ना आता," परवा फोनवर शिवलीला म्हणाली. "कागद तर मिळाला. पोरींची परीक्षा झाली. पंखे बी चालायलेत म्हणं अजून."

"चालणारच. बसवले कुणी?" शांतम्मानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि पुढच्या मोटारीचे नट काढायला घेतले. "पण सोडायचं म्हणशील तर न्हाय जमायचं बाई. जे झालं ते खोटं छापलंय त्यांनी. म्या खरं बोलायचं कशापायी सोडू?"