मागच्या सीटवरचे पाहुणे

आमच्याकडे जावयाचा मान गाडीतही सांभाळतात. जावई आले की पुढची सीट त्यांची. घरचा मुलगा मागे, पिशव्या आणि डब्यांच्या सोबतीला. पण आमचे पाहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मीनाचे यजमान, लग्नानंतरची पहिली खेप सोडली तर कधीच पुढे बसले नाहीत. माझे वडील, नाना, स्टिअरिंगवर बसले की हे मुकाट्याने मागचं दार उघडायचे आणि बरोबर नानांच्या पाठीमागे जाऊन बसायचे. मी आग्रह केला की म्हणायचे, "मले इथंच बरं वाटते, भाऊ. तुम्ही बसा पुढं." बघणाऱ्याला वाटावं, काय हा साधेपणा! मला मात्र तो साधेपणा भारी डोक्यात जायचा. मान नाकारून दुप्पट मान मिळवायची ही युक्ती आहे, असं माझं ठाम मत होतं.

आणि मान त्यांना मिळायचाच. मी पुढे, सख्ख्या बापाच्या शेजारी बसलेलो. धुळ्याच्या औषधांच्या एजन्सीत माझं कसं चाललंय ते सांगतोय आणि नाना समोर रस्त्याकडे बघतायत. फार झालं तर एखादा हुंकार. तेवढ्यात मागून पाहुणे पुढे झुकून केळीच्या घडांबद्दल काहीतरी बोलायचे, की नाना खळखळून हसायचे. जळगाव ते रावेर हे असं चालायचं. भुसावळ ओलांडेपर्यंत मी बोलायचं सोडून दिलेलं असायचं आणि खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात जळत बसायचो.

पाहुण्यांचे रावेरला केळीचे बाग होते, पण जीव वायरींमध्ये. शेजारपाजारच्या ट्रॅक्टरांवर, केळीच्या गाड्यांवर त्यांनी हौसेने टेप बसवून दिले होते. जुन्या गाडीची मूळ वायर त्यांनी कधी कापली नाही. तिला बसणारा जोड मिळेपर्यंत दुकानं पालथी घालतील, पण पक्कड लावणार नाहीत. "गाडी आपल्या आधीची आहे. तिच्या कलानं घ्याचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून नाना अशी मान डोलवायचे, जणू कीर्तनातलं काही ऐकलंय. हेच मी बोललो असतो तर 'जास्त शहाणपणा नको' असं ऐकून घ्यावं लागलं असतं.

नानांची गाडी जुनी, पांढरी, त्यांच्या नोकरीतली शेवटची कमाई. तिच्यात टेप नव्हता. टेपच्या जागी एक कप्पा होता आणि त्यात फडकं, सुपारीची डबी आणि चष्म्याचं घर. गाडीत टेप बसवावा ही माझी फार जुनी इच्छा. दर सुट्टीला विषय काढायचो आणि दर सुट्टीला नाना म्हणायचे, गाणं लावलं की हॉर्न ऐकू येत नाही. एका दिवाळीला मी न विचारता सरळ पडद्याचा नवा टेप आणि दोन स्पीकर घेऊन आलो. नानांनी खोकं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. तिथे ते तसंच पडून राहिलं. त्या कपाटाचं दार उघडलं की माझा अपमान मला दिसायचा.

मग धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. त्या महिन्यात जावयाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आईने चांदीची वाटी आणून ठेवली होती. पाहुण्यांनी ती हात लावून परत ताटात ठेवली. "मले वाण-बिण काही नको, नाना," ते म्हणाले. "भाऊंनी आणलेला टेप कपाटात पडला आहे, तो तेवढा गाडीत बसवू द्या." नानांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि हो म्हणाले. माझ्या घशाखाली धोंडा उतरेना. टेप मी आणलेला, हट्ट माझा, आणि होकार मिळाला त्यांना.

दुपारी अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी घेतली. पाहुण्यांनी डॅशबोर्डची पट्टी अशी अलगद काढली की एक चाप तुटला नाही. कप्पा बाहेर आला, मागून वर्षानुवर्षांची धूळ आणि एक हरवलेलं पेन निघालं. मी बॅटरी धरून उभा. कायम करंट असलेली वायर कुठली, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी कुठली, हे त्यांनी तपासून घेतलं. मग दोन्ही दारांत स्पीकर बसवले. इथवर मलाही नावं ठेवायला जागा नव्हती. पण नंतर त्यांनी नानांना चालवायच्या जागेवर बसवलं, काचा वर केल्या आणि पडद्यावर बोट ठेवून विचारत बसले, "आता येतो का आवाज? आणि आता?" नाना लहान मुलासारखे मान हलवत होते. हे इतका वेळ चाललं की चहा दोनदा गार झाला. लाडीगोडी लावायलाही काही मर्यादा असते, असं मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगून आलो.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो तेव्हा मात्र माझा दिवस उजाडला. मी पुढे डाव्या बाजूला बसलो होतो आणि माझ्या दारातून आवाजच येत नव्हता! सगळं गाणं नानांच्या उजव्या दारात. फिटिंग फसलं होतं. मी ते सगळ्यांदेखत जाहीर केलं आणि आवाज सारखा करायला पडद्याकडे हात नेला. मागून पाहुणे शांतपणे म्हणाले, "राहू द्या, भाऊ. बरोबर आहे ते." कसलं बरोबर? पण नानाही काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस धुळ्यात मित्रांना मी हा किस्सा रंगवून सांगत होतो. आमच्या पाहुण्यांनी अर्धाच टेप बसवला म्हणून.

नानांचं मात्र त्या अर्ध्या टेपवर पोट भरलं. भाजी आणायलाही ते गाडी काढू लागले. कुठलं जुनं भजन लागलं, कुठल्या गाण्यात बासरी किती गोड आहे, हे सांगायला ते फोन करायचे, तोही पाहुण्यांना. मला फोन यायचा तो गॅसचा नंबर लागला का ते विचारायला.

मागच्या पावसाळ्यात पाहुणे गेले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि जळगावच्या दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. नाना सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीनाला सावरायचं सोडून माझ्या मनात आलं, माझ्यासाठी हे असे रडले असते का? हेवा काही माणूस गेल्याने जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

यंदा आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मीनाला माहेरी आणायला मी आणि नाना रावेरला निघालो. गाडी बरेच महिने झाकून ठेवलेली होती. नानांनी टेप लावला. पुन्हा तेच, गाणं सगळं त्यांच्या बाजूला. आता राहू द्या म्हणणारं मागे कोणी नव्हतं. मी पडद्याकडे हात नेला. नानांनी माझं मनगट धरलं, गाडी बाजूला घेतली, आवाज बंद केला आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसले.

"मना डावा कान बठ्ठा गयेल शे," ते म्हणाले. "तू कायम डावा आंगे बसीसन बोलस. माले काहीच ऐकू येत नही."

पाहुण्यांना हे माहीत होतं का, एवढंच मी विचारलं. नाना म्हणाले, पहिल्याच खेपेला पाहुणे पुढे बसले होते. दोन-तीनदा बोलले, उत्तर आलं नाही, तसं घरी पोचल्यावर एकटं गाठून त्यांनी कानाचं विचारलं. कुणाला सांगू नका म्हटलं, तर त्यांनी मीनालाही सांगितलं नाही.

"त्यास्नी माले इचारं," नाना म्हणाले. "तू कधी इचारंच नही."

म्हणजे ती मागची सीट, तो उजवीकडचा आवाज, तो 'आता येतो का' चा जप, सगळं त्या एका कानासाठी होतं. मला वाटत होतं नाना माझ्यावर नाराज आहेत. त्यांना मी ऐकूच येत नव्हतो. आणि हे माझ्या बापाने मला नाही, दुसऱ्याच्या मुलाला सांगितलं होतं. इतका हेवा मला पाहुण्यांचा ते असतानाही वाटला नव्हता.

मी खाली उतरलो, मागचं दार उघडलं आणि नानांच्या पाठीमागे जाऊन बसलो. नानांनी आरशातून पाहिलं. गाडी निघाली, टेप लागला. तिथून तो फार छान ऐकू येत होता. केळीचे बाग सुरू झाले तसा मी पुढे झुकलो आणि त्यांच्या उजव्या कानाशी हळूच म्हणालो, "नाना, एक सांगू का?"

नानांची नजर रस्त्यावर होती. चेहरा एकदम खुलला.

"बोला पाव्हणा," ते म्हणाले.

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. धुळ्याचं सगळं सांगत राहिलो, आणि रावेर येईपर्यंत नाना ऐकत होते.