हलली का फौज?

अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला, त्याच दिवशी माझी पत्नी गेली. रक्षाविसर्जनानंतर मागच्या गल्लीतले गृहस्थ भेटायला आले. कागलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "लई वाईट झालं, सर. आता अमेरिका जर्मनीतली फौज काढणार म्हणत्यात, खरं हाय का?"

त्यांचा मुलगा जर्मनीत अमेरिकन छावणीबाहेरच्या खाणावळीत आचारी आहे. सगळं गिऱ्हाईक सैनिकांचंच. फौज गेली की खाणावळ बंद पडणार.

तेव्हापासून रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ते येतात. एक पाय माझ्या पायरीवर, दुसरा रस्त्यावर.

"हलली का फौज?"

मी पेपर बघून म्हणतो, "नाही अजून."

"आणि ते मित्रदेश?"

"घाबरलेत."

"घाबरू द्यात की! थोरल्यानं हात काढला तर धाकट्यांनी बघावं आपलं."

मुलाच्या नोकरीची काळजी ते अशी लपवतात, असं मला वाटे. एका रविवारी ते गुलालाने माखून आले. जोतिबाला नवस बोलून आले होते.

"नोकरी टिकू दे म्हणून?" मी विचारलं.

"न्हाय वो. फौज उठू दे म्हणून. पाच किलो गुलाल उधळतो म्हटलंय. सात वर्सं झाली पोरगं बघून."

पत्नी गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

फौज अजून जर्मनीतच आहे. मुलगाही तिथेच आहे. ते रोज येतात, आणि मी पेपर आधी वाचून ठेवतो.