कुमुदकाकूंचं एक मत

काकांनी फोनवर आधी चँडलरचं, म्हणजे माझ्या नव्या गावचं, हवामान विचारलं. ऊन आहे म्हटल्यावर म्हणाले, "इथं बर्फ पडतोय सकाळपासून. ड्राइव्ह-वे साफ करायचाय..." आणि मग त्याच आवाजात, "कुमुद गेली रे पहाटे." मी ऑफिसात उभा होतो. शिकायला आलो तेव्हा पिस्कॅटवेला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी पाच वर्षं राहिलो. नावाला भाडेकरू, पण जेवायला रोज वर. या जानेवारीत नोकरीसाठी घर सोडलं, तेव्हा काकूंनी लोणच्याची बरणी माझ्या मोज्यांत गुंडाळून दिली होती. त्याला दीड महिनाही झाला नव्हता.

काकू नागपूरची शाळेतली नोकरी सोडून काकांच्या मागोमाग या देशात आल्या. इथं त्यांना काम मिळालं ते एका मतचाचणीच्या कचेरीत. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना फोन करायचे आणि विचारायचं : आज निवडणूक झाली तर अध्यक्षपदासाठी मत कुणाला द्याल? चर्चला किती वेळा जाता? धर्म कोणता... प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू की इतर? प्रश्न कागदावर असेल तसाच वाचायचा आणि उत्तर कितीही आवडलं किंवा झोंबलं तरी सूर बदलायचा नाही. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की "भाजी कशी झालीय?" हेसुद्धा त्या अशा कोऱ्या चेहऱ्यानं विचारत, की खारट म्हणावं की छान म्हणावं, याचा आम्हाला अंदाजच येत नसे.

चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीआधीची गोष्ट. शेतावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी निम्मी मुलाखत झाल्यावर प्रेमानं विचारलं, "आणि हनी, तू कुठल्या चर्चला जातेस?" अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. काकूंना गप्प राहवेना आणि खोटंही बोलवेना. मी हिंदू आहे, आमचं देऊळ असतं, म्हणाल्या. पुढचा प्रश्न, सरकारी शाळांत प्रार्थना असावी का, असा होता. बाई जरा थांबून म्हणाल्या, ज्याचा त्याचा देव असतो, शाळेनं त्यात पडू नये. काकूंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं, तसं मी बोललोही.

"बरं काय वाटायचंय त्यात?" काकू वैतागल्या. "मला वाईट वाटू नये म्हणून बोलली ती. खरं काय वाटतं ते राहिलंच ना. सुपरवायजरला सांगून अख्खा इंटरव्ह्यू कॅन्सल केला मी." चूक कुणाला कळलीही नसती. पण लबाडी म्हणून काकूंना जमायची नाही.

निवडणुकीनंतर छापील अहवाल आला, तो त्या घरी घेऊन आल्या. प्रोटेस्टंट कुणीकडे झुकले, कॅथलिकांमधले तरुण कुणीकडे आणि वयस्कर कुणीकडे, दर रविवारी चर्चला जाणारे आणि नाताळापुरते जाणारे यांच्यात काय फरक, सगळं तक्त्यांतून मांडलं होतं. 'इतर'चा रकाना मात्र नव्हता. संख्या फार थोडी असल्यानं दाखवलेली नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि मी तर या थोड्यातही नाही. सगळ्या जगाला विचारत फिरते, पण मला मतच नाही." त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी इथल्या नागरिकत्वाचा विषय काढला. काकांचा पुण्यात ब्लॉक होता आणि गेली बारा वर्षं ते 'पुढच्या वर्षी' परत जाणार होते. "पासपोर्ट बदललास की संपलं," काका म्हणाले. "मग मी एकट्यानं जायचं का पुण्याला?" त्यावर काकू म्हणाल्या, "जिथं राहते तिथं मला धरलं जावं, एवढंच म्हणतेय मी." हा वाद दोन वर्षं चालला, म्हणजे बहुतेक वेळ अबोल्यानंच. शपथेच्या दिवशी काकांनी त्यांच्या साडीला स्वतः इस्त्री करून दिली, पण नेवार्कच्या कोर्टात आले नाहीत. काकूंना मी ड्राइव्ह करून नेलं.

गेल्या ऑक्टोबरात गंमत झाली. घरचा फोन वाजला आणि पलीकडे मतचाचणीवाली मुलगी. काकूंना काय आनंद झाला! आम्हा दोघांना हातानंच बाहेर पिटाळून, फोनची वायर ताणत त्या पँट्रीत शिरल्या आणि दार लोटून घेतलं. तरी आम्हाला ऐकू येत होतं. "प्रश्न पुन्हा वाच, घाई करू नकोस..." मग थोड्या वेळानं, "इतर नाही. हिंदू. तसंच लिही." बाहेर आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

नोव्हेंबरात त्यांनी मत दिलं. कुणाला, ते मी गाडीत विचारलं, काकांनी जेवताना विचारलं. "मी विचारायचं काम करते, सांगायचं नाही," म्हणत त्यांनी काकांना आमटी वाढली. या देशात त्यांनी दिलेलं ते एकच मत.

गेल्या आठवड्यात मी काकांकडे जाऊन आलो. टेबलावर काकूंच्या नावानं टपालानं आलेली नमुना मतपत्रिका होती, तिथल्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीची. मी म्हटलं, "काका, काउंटीच्या कचेरीला कळवायला हवं. मतदारयादीतून नाव काढावं लागेल काकूंचं."

"कळवू," काका म्हणाले. "आधी माझं लागू दे. या घराचं एक तरी नाव असू दे तिथं."

मतपत्रिकेखाली नागरिकत्वाचा अर्ज होता, काकांनी स्वतः भरत आणलेला. पुण्याच्या ब्लॉकचं मी काही विचारलं नाही. नाव, जन्मगाव, या देशात आल्याची तारीख, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. वैवाहिक स्थितीच्या ओळीत तेवढ्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या.

"तिथं खूण तू कर," काका म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले. मी पेन उघडून बसलो... मलाही ते जमलं नाही.