हिलालअप्पांचा वॉर्मअप

नवागामच्या हिलालअप्पांचा शेटच्या कारखान्यातल्या आपल्या यंत्रमागावर भारी जीव. सकाळी आधी त्याला तेल देणार, चाक हाताने दोनदा फिरवून बघणार, मगच बटण दाबणार. नव्या कारागिरानं घाई केली, तर त्याच्या सात पिढ्या उद्धरणार.

जिममध्ये मात्र हेच अप्पा गेल्या गेल्या साठ किलोला हात घालायचे.

"आधी रिकामा रॉड उचला, मग थोडं थोडं वजन चढवा," ट्रेनर रोज सांगायचा.

"ते पोरासोरांसाठी," अप्पा म्हणायचे.

परवा त्यांचा खांदा धरला. घरी शेक देता देता त्यांची बायको कोकिळाबाई शांतपणे म्हणाली, "शेटच्या मागाला रोज तेल पाजता. खांदा घरचा आहे म्हणून थंडाच जुंपायचा का?"