अप्पा, आज कुठली पट्टी?

अप्पांचा आवाज गेला तेव्हा आमच्या भजन मंडळीने त्यांना जिवंतपणीच श्रद्धांजली वाहून टाकली होती.

"काय आवाज होता!"

होता! माणूस समोर बसून कॉफी पितोय आणि हे लोक 'होता' म्हणतायत. मला असला राग यायचा.

आज अप्पांना जाऊन एक वर्ष झालं. म्हणून ही गोष्ट लिहितेय.

माझे अप्पा म्हणजे आमच्या कानडी मुलखातल्या चामराजपुरमचे टेलर मास्तर. दिवसभर ब्लाउज आणि सफारी, एकादशीला विठ्ठल मंदिरात भजन. चाळीस वर्षं मंडळीचे मुख्य गायक.

त्यांची पट्टी काळी चार. पेटी न कळणाऱ्यांसाठी सांगते, पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर गायकाचा 'सा' असतो ती, आणि काळी चार पुरुषाच्या गळ्याला फार उंच.
टी. नरसीपूरला एकदा माइक बंद पडला, तर अप्पा तसेच गायले. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका पायऱ्या चढून वर येऊन बसल्या.

मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या पेटीवर. काळी चारवर मी लहानपणी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. अप्पा ओरडले, पण पुसला नाही.

साठी उलटली आणि व्होकल कॉर्डवर गाठ निघाली. साधीच होती, पण ऑपरेशन करावं लागलं.
डॉक्टर म्हणाले, "आवाज राहील, पण पूर्वीचा राहणार नाही. वयही झालंय."

सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. अप्पा कटिंगच्या टेबलावर खडूनं लिहायचे.
पहिलं वाक्य काय, तर "सारात मीठ नाही."

नंतर बोलायला लागले तेव्हा आवाज खाली गेलेला, खरखरीत. फोनवर लोक विचारायचे, कोण बोलतंय?
घरात गायचे नाहीत. दुकानात मशीन चालू असताना काहीतरी गुणगुणायचे, मशीन थांबली की गप्प.

मग एकादशी आली. आदल्या दिवशी मंडळीतले सगळ्यात जुने टाळकरी, रंगण्णामामा, घरी आले.

"मास्तर, तुम्ही सुमने, उगी टाळ घेऊन बसा. गायला माणसं हाईत की."

"बेडा, नको. मी गातो," अप्पा म्हणाले. "न्हाई जमलं तर परत कधी तोंड उघडणार न्हाई. आय्तु, ठरलं?"

हे ते गमतीत बोलत नव्हते.

आता आमच्या मंडळीत एक रीत होती. मुख्य गायकाला पट्टी विचारायची नाही. पेटीवाल्याला ती ठाऊक असायलाच हवी, विचारणं म्हणजे गायकाचा अपमान.
म्हणून मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटली.

आणि पेटीवर बसल्यावर माझं बोट सवयीनं लाल ठिपक्यावर गेलं.

अप्पांनी सूर लावला. लागलाच नाही. आवाज फाटला.

भरलेलं देऊळ.

मग मी काय करावं? त्यांना सावरायला म्हणून मीच गायला लागले. त्याची मला अजून लाज वाटते.

अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "स्वल्प थांब ग पुट्टी."

पेटी स्वतःकडे ओढली आणि सगळ्यांसमोर एकेक सूर दाबत खाली यायला लागले.
काळी चार. पांढरी पाच. काळी तीन.
प्रत्येक सुराला 'आ' लावून बघायचे, मान हलवायचे, पुढचा सूर. गिऱ्हाईक उभं असताना कापडाला जुळतं बटण शोधायचे ना, तेवढ्याच शांतपणे.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

काळी एकवर थांबले.

"हं. आता मी हितं हाय. हितनं वाजव."

आणि गायले. जाड, खरखरीत, पण सुरात. अगदी सुरात.

दुसऱ्या ओळीला मागून एक दणदणीत आवाज आला. वळून बघते तर रंगण्णामामा!
मग त्यांच्या शेजारचे. मग सगळी मागची रांग.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं ही माणसं अप्पांच्या मागे नुसते ओठ हलवत होती. काळी चारला त्यांचा गळा पोचायचाच नाही, आणि पट्टी खाली घ्या म्हणायची सोय नव्हती.

भजन संपल्यावर रंगण्णामामा डोळे पुसत आले. "मास्तर, आज मी गायलो. इतकी वर्षं नुसता टाळ बडवत होतो."

"अय्यो, मग सांगायचं की हो! चाळीस वर्षं!"

त्यानंतर मी दर एकादशीला सगळ्यांसमोर विचारायचे, "अप्पा, आज कुठली पट्टी?"
आणि ते मोठ्यानं सांगायचे. काळी एक. वय वाढलं तशी पांढरी एक. एकदा सर्दीत म्हणाले, "आज गोत्तिल्ला, मलाच माहीत न्हाई. शोध तू."
देऊळभर हशा.

सात वर्षं असे गायले. आधीच्या चाळीस वर्षांपेक्षा मला ह्या सात वर्षांचा जास्त अभिमान आहे.

लोक अजून त्यांच्या जुन्या कॅसेट मागतात. देते. पण मला विचाराल तर मी मोबाइलमधलं शेवटच्या एकादशीचं रेकॉर्डिंग ऐकवेन. त्यात अप्पा नीट ऐकूच येत नाहीत, इतके लोक गातायत.

आज संध्याकाळी पहिल्यांदाच मी मुख्य गायक म्हणून बसणार आहे.
सकाळी रंगण्णामामांचा फोन आला. "पुट्टी, मास्तरांची पट्टी लाव हं."

"कुठली मामा? त्यांच्या बऱ्याच होत्या."

मामा म्हणाले, "आम्हाला पोचंल तसली."

अप्पा, श्रद्धांजली तुम्हाला एकदा वाहून झालीय, आणि ती किती घाईची होती ते सगळ्यांनी बघितलंय. आज नुसता नमस्कार करते.

सात वाजता तुमच्या जागेवर बसेन, मागच्या रांगेला पट्टी विचारेन आणि सुरू करेन.